‘मिळाला’ म्हणायचं

चांगुणाबाईंच्या घरातून कुठली वस्तू सहजासहजी बाहेर पडत नसे. तुटक्या क्रेटमध्ये कोंबड्या अंड्यांवर बसत, फाटकं शेडनेट वालाच्या वेलावर जाई, आणि बागेतून निघालेल्या जुन्या तारांनी निम्म्या वाडीची कुंपणं बांधली होती. अशा घरात सून आली, ती सकाळी एक मशीन उभं करायची आणि जेवायच्या आत ते मोडून टाकायची.

“झालं का गं उभं?” चांगुणाबाई चुलीपाशी बसल्या बसल्या विचारत.

“झालं, आत्याबाई.”

“चाललं?”

“छान चाललं.”

“मग आता?”

“आता पाडते.”

“अगं, चाललेलं कोणी पाडतं का? तुमच्या नांदगावाला हीच रीत हाय का?”

तेजस्विनी हसायची. माहेरचं नांदगाव निघालं की तिला कळायचं, आत्याबाई आज खुशीत आहेत. रागावल्या की त्या बोलतच नसत. मग त्यांची भांडी बोलत.

हे मशीन काही घरात नव्हतं. लांब कुठल्या तरी कंपनीकडून तासाच्या भाड्यानं घेतलेला तो सर्व्हर होता. कोऱ्या सर्व्हरला कामाला लावायचं तर त्याची दारं-कुलपं लावावी लागतात, जुनी माहिती आत आणावी लागते, कोणाला काय दिसावं ते ठरवावं लागतं. तेजस्विनी यातलं काही हातानं करत नव्हती. तिनं सगळं ओळीनं लिहून ठेवलं होतं. एक बटण दाबलं की मशीन ते लिहिलेलं वाचून आपलं आपण तयार होई. मग तिनंच लिहिलेले प्रश्न त्याला विचारले जात, कुलूप लागलं का, माहिती आली का. सगळी उत्तरं हिरवी आली की ती मशीन पाडायची आणि कोऱ्यापासून पुन्हा सुरुवात.

“एकदा उभं राहिलं त्याचं काय कौतुक, आत्याबाई? नशिबानंही राहतं. दर वेळी तसंच राहायला हवं.”

“तुझ्या जिवाला चैन नाय, एवढंच दिसतं मला,” चांगुणाबाई म्हणत आणि ताट पुढे सरकवत. “आमटी कशी झाली?”

“छान झालीय.”

लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आमटी रोज छान होत होती.

हा सगळा खटाटोप होता बागायतदारांच्या संघासाठी. द्राक्षाचा खुडा सुरू झाला की कोणाच्या बागेत उद्या घड तोडणारी टोळी जायची, गाडी किती वाजता यायची, याचा मेसेज संघाच्या पॅकहाऊसमधून आदल्या दुपारी प्रत्येकाला जाई. ते मेसेज धाडणारं जुनं मशीन ऑफिसात कोपऱ्यात होतं, त्याच्यावर टॉवेल टाकलेला, शेजारी पंखा. संघाचा ऑपरेटर, कारभारी हे त्याचं नावच, ते सांभाळायचा. काही बिघडलं की तो इथं थोडं, तिथं थोडं करून चालू करायचा. आणि इतक्या वर्षांत इतक्या ठिकाणी त्याचा हात फिरला होता, की मशीन कशामुळे चालतंय हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. मागल्या हंगामात ऐन खुड्यात ते एका सकाळी बसलं. तीन गाड्या एकाच बागेत आणि जयरामच्या बागेत टोळी क्रेटची वाट बघत उन्हात. तेव्हा संघाला जाग आली आणि सुनबाईंना विचारून बघू असं ठरलं.

पण चांगुणाबाईंच्या मनाला लागलेली गोष्ट वेगळीच होती. तेजस्विनीच्या पुण्याच्या कंपनीनं कळवलं होतं, घरून काम बंद, संक्रांत झाली की ऑफिसात या. संघानं हे काम कायमचं दिलं तर शेजारची आणखी दोन पॅकहाऊसं तिच्याकडे येणार होती, आणि मग ती पुण्याची नोकरी सोडून घरीच राहणार होती. नाही दिलं, तर सोमवार ते शनिवार पुणे. तिच्या नवऱ्याला, किशोरला, बाग सोडून जाता येणार नव्हतं. तो काही बोलत नव्हता. तो बापावर गेलेला, काटा घशात रुतला तरी ‘काय नाय’ म्हणणारा.

“जाऊ दे की पुण्याला,” चांगुणाबाई चारचौघींत मोठ्यानं म्हणाल्या. “घरात तेवढीच साखर वाचंल.”

आणि त्याच दिवसापासून त्या सुनेच्या भाकरीवर न विचारता तूप घालू लागल्या.

मशीनचे मशीनला प्रश्न विचारून झाले, सगळं हिरवं आलं. “पण शेवटी मेसेज माणसाच्या खिशात पडला पाहिजे,” तेजस्विनी म्हणाली. बुधवारी वाडीतल्या सभासदांना नुसते चाचणीचे मेसेज जाणार होते. प्रत्येकानं कारभारीला फोन करून एवढंच सांगायचं होतं, मिळाला की नाही मिळाला. कारभारी ते चेअरमनपुढे ठेवणार होता.

मंगळवारी दुपारी चांगुणाबाईंनी पदर खोचला. ऊन-थंडीपासून जपायला घडांना पेपर लावायचे दिवस होते, सगळी वाडी बागेत. त्या एकेका बागेच्या तोंडाशी उभ्या राहिल्या.

“उद्या माझ्या सुनेचा मेसेज यील. आला तरी ‘मिळाला’ म्हणायचं अन् नाय आला तरी ‘मिळाला’ म्हणायचं. कळलं का?”

पोरीच्या कामाचा निकाल आहे आणि आपण घरचे आहोत, यापलीकडे त्यांना काही विचार करायची गरज वाटली नाही.

कुसाबाईनं पेपर लावता लावता मान वर केली. तिचं-चांगुणाबाईंचं तीस वर्षं शेजार, तीस वर्षं भांडण. “अन् नाय आला तरी? खोटं बोलायचं आम्ही?”

“तुझ्या पल्लवीला बघायला पाव्हणे आले तेव्हा ‘पोरीच्या हाताला लय चव हाय’ असं कोण म्हणालं? मीच ना? त्या दिवशी लय गोड लागलं तुला खोटं!”

कुसाबाई पुन्हा पेपर लावायला लागली. पुढच्या बागांतून कोणी विचारलंही नाही.

बुधवारी संध्याकाळी कारभारी निकाल सांगून गेला. सगळ्यांना मिळाला. एकही ‘नाही’ नव्हतं. चांगुणाबाई ओट्यावर चहा घेऊन आल्या तर सून पायरीवर बसलेली, हनुवटी गुडघ्यावर.

“का गं? सगळ्यांचं चांगलं आलं ना?”

“सगळ्यांचं. कुसाबाईंनाही मिळाला. जयरामभाऊंना तर दोनदा मिळाला.”

“मग तोंड का असं?”

“त्या दोघांना मी पाठवलाच नव्हता, आत्याबाई. मुद्दाम काही नावं वगळली होती. जिथून ‘नाही’ यायला हवं तिथून ‘नाही’ येतंय का, ते बघायला.”

चांगुणाबाईंनी कपबशी पायरीवर आदळली.

“जयराम्या मेल्या!” त्यांच्या तोंडून गेलं. “एकदा म्हण म्हणाले होते, दोनदा कोणी सांगितलं?”

बोलल्या आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. तेजस्विनी त्यांच्याकडे बघत राहिली. आधी तिचे खांदे हलायला लागले, मग ती इतकी हसली की तिला ठसका लागला. हसता हसता डोळे भरले आणि भरलेले डोळे काही लवकर थांबेनात.

“आत्याबाई, मला पास नाही व्हायचं हो. मला चूक सापडायला हवी आहे. आत्ता सापडली तर माझी एक दुपार जाईल. खुड्यात सापडली तर लोकांचा माल जाईल. आणि तो तुमच्या शब्दावर जाईल. तुम्ही सांगितलं म्हणून सगळे ‘मिळाला’ म्हणाले ना.”

चांगुणाबाईंनी कप उचलला आणि त्या आत गेल्या. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात भांडी बोलत होती. त्यांच्या शब्दाला वाडीत वजन होतं, ते त्यांनी आयुष्यभर मिरवलं होतं. त्या वजनाखाली कोणाची बाग येईल, हे कोणी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

सकाळी चहाच्या आधीच त्या दारात उभ्या होत्या. डोक्यावर पदर, हातात फोन.

“चुका काढायच्या ना? मग तसं आधी सांगायचं. ते काम मला कोणी शिकवायला नको. पुन्हा धाड तुझे मेसेज.”

आणि त्या निघाल्या. पुन्हा त्याच बागा, तोच पदर. “परवा मी काय म्हणाले ते इसरा. आज जो कोणी आला नसताना ‘मिळाला’ म्हणंल, त्याच्या दारात मी येऊन बसंन. अन् मी बसले की लवकर उठत नाय, तुम्हाला ठाऊक हाय.”

“परवा एक, आज एक,” कुसाबाई म्हणाली. “हिचं बी मशीन रोज पाडून उभं करतात वाटतं.”

“करतात! तू तुझ्या फोनकडं ध्यान दे.”

त्या दिवशी कारभारीच्या फोनला उसंत मिळाली नाही. सांगा म्हटल्यावर वाडीनं काही बाकी ठेवलं नाही. कोणाची घंटी बारीक वाजली, कोणाला मेसेजात ‘राव’ म्हटलं नाही म्हणून राग. पण त्या ढिगाऱ्यात एक खरं निघालं: दुपारी यायचे ते मेसेज दिवस मावळताना आले. मशीन विलायतेच्या घड्याळावर चाललं होतं. तेजस्विनीनं लिखाणात एक ओळ घातली, प्रश्नांत एक प्रश्न वाढवला, मशीन पाडलं, पुन्हा उभं केलं, आणि शुक्रवारी तेच मेसेज पुन्हा धाडले. आता घड्याळ बरोबर लागलं. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद, जसं हरवलेलं डोरलं सापडलं.

“चूक सापडली म्हणून नाचणारी पहिलीच बाई बघितली मी,” चांगुणाबाई म्हणाल्या. मग स्वतःचा फोन तिच्या नाकासमोर धरला. “अन् हे काय धाडलंयस मला? नुसते विळे!”

फोनवर ओळीनं प्रश्नचिन्हं होती. बाकीच्यांचे मेसेज इंग्रजी अक्षरांत जात. चांगुणाबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या, त्यांना मराठी ठळक अक्षर लागे. कारभारीनं काही वर्षांमागे जुन्या मशीनवर त्यांच्यापुरती ती सोय करून दिली होती. नव्या मशीनला मराठी अक्षरं कोणी ओळखायलाच शिकवली नव्हती.

तेजस्विनीचा लॅपटॉप स्वयंपाकाच्या ओट्यावर, पोळी तव्यावर. “थांबा आत्याबाई, आत्ताच करते.” तिनं उभ्या उभ्या त्या चालत्या मशीनमध्ये काही टिपटिप केलं. फोन वाजला. चांगुणाबाईंनी बोट फिरवत वाचलं, नाव वाचलं, बागेचं नाव वाचलं, आणि मान डोलावली.

“लिखाणात घालते नंतर,” तेजस्विनी स्वतःशीच म्हणाली आणि करपायला आलेली पोळी उलटली.

शेवटची चाचणी सोमवारी संघाच्या ऑफिसात, सगळ्या कमिटीपुढे. चेअरमन भिकाभाऊ मधल्या खुर्चीत, भिंतीकडेनं सभासद, दाराजवळ बायका, त्यांच्यापुढे चांगुणाबाई.

“आज सगळ्यात वाईट दिवस आहे असं समजू,” तेजस्विनी म्हणाली. “जुनं मशीन बंद पडलंय. माझंही गेलं, मी पाडते आत्ता. हातात काही नाही, फक्त लिहून ठेवलेलं आहे. त्याच्यावरून उभं राहतं का बघू.”

कारभारीनं जुन्या मशीनच्या बटणावर हात ठेवला, क्षणभर तसाच ठेवला, आणि मग दाबलं. पंख्याचा आवाज थांबला. चहा आला. चहा पिऊन होईपर्यंत पडद्यावर एकेक ओळ हिरवी होत गेली, शेवटचीही झाली, आणि खोलीभर फोन वाजू लागले.

भिकाभाऊंनी एकेकाकडे बोट केलं.

“मिळाला.”

“मिळाला.”

“मिळाला,” जयराम म्हणाला. “एकदाच.”

लोक हसले. चांगुणाबाईंनी आपला फोन डोळ्यांपुढे धरला.

विळे. पुन्हा नुसते विळे.

बोट त्यांच्याकडे यायला अजून दोन माणसं होती. चांगुणाबाईंनी मान वर केली. तेजस्विनी पडद्याशेजारी उभी होती, हात मागे बांधून, शाळेतल्या पोरीसारखी. किशोर खिडकीपाशी, काय नाय म्हणणारं तोंड करून. मेसेज आला होता. फोन वाजला होता. ‘मिळाला’ म्हटलं तर ते खोटंही नव्हतं. वाचून दाखवा असं त्यांना कोणी म्हणणार नव्हतं; दुसरी शिकलेल्या बाईला असं कोण म्हणतं? आणि वाचता येत नाही म्हटलं तर? ही सगळी गडी माणसं मिशीत हसणार, म्हातारीला अक्षर येईना म्हणणार, आणि वर पोरगी जाणार पुण्याला. आपल्या एका शब्दानं जाणार.

“चांगुणाबाई?” भिकाभाऊंचं बोट आलं.

त्यांना कुसाबाईची बाग आठवली, पेपर लावलेले घड, आणि ‘तुमच्या शब्दावर’ म्हणतानाचे सुनेचे डोळे.

“आला,” त्या म्हणाल्या. “पण वाचता येत नाय.”

कोणी तरी खुदकन हसलंच. भिकाभाऊ मायेनं पुढे झुकले. “चष्मा राहिला का मावशी घरी? द्या इकडं, मी वाचतो.”

“चष्मा नाकावर हाय माझ्या! अन् त्याच्यामागं डोळे बी हायेत. घे, तू वाच. मोठ्यानं वाच, हसणाऱ्यांना बी ऐकू दे!”

भिकाभाऊंनी फोन घेतला. बघितला. उलटा करून बघितला. “ही तर सगळी प्रश्नचिन्हं आहेत.”

तेजस्विनी पुढे आली, तिनं फोन बघितला आणि तिच्या चेहऱ्याचा रंग गेला.

“हे मी त्या दिवशी दुरुस्त केलं होतं,” ती म्हणाली. “पोळी तव्यावर होती, आत्याबाई ओरडत होत्या. हातानं केलं. लिहायचं राहिलं. आज कोऱ्यापासून उभं केलं तर त्याला कसं कळणार? दर वेळी कोऱ्यापासून, असं मीच सगळ्यांना सांगते, आणि मीच…”

कारभारीला आज बोलायची संधी होती, पण तो खाली बघत म्हणाला, “जुन्यावर मी बी हातानंच केलं व्हतं, वयनी. बाईंसाठीच. कुठंच लिहिलं नाय. बाई समोर उभ्या असल्या की हात आपोआप चालतो.”

“म्हणजे नापास म्हणायचं का?” मागून कोणी तरी विचारलं.

“आत्ता या घडीला, हो,” तेजस्विनी म्हणाली. तिची मान वर होती. “आणखी एक चहा होईपर्यंत थांबाल का?”

भिकाभाऊंनी चहा सांगितला. तेजस्विनी खुर्चीत बसली. मराठी अक्षरांची ती ओळ तिनं लिखाणात घातली. मग प्रश्नांमध्ये एक नवा प्रश्न लिहिला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाली, म्हणजे सगळ्यांनी ऐकावं: “चांगुणाबाईंचं नाव मराठीत दिसतं का?” मग सगळ्यांसमोर मशीन पाडलं आणि कोऱ्यापासून उभं केलं. पुन्हा हिरव्या ओळी, त्यात एक जास्त. पुन्हा फोन.

या वेळी भिकाभाऊंनी पहिलं बोट चांगुणाबाईंकडेच केलं.

चांगुणाबाई उभ्या राहिल्या. अक्षराखाली बोट धरलं आणि घाई न करता वाचायला लागल्या. “चां-गु-णा-बाई. उद्या सकाळी वरच्या बागेत खुडा. गाडी पॅकहाऊसमधून नि-घे-ल. ही चाचणी आहे. माणसं बोलावू नयेत.” त्यांनी फोन खाली घेतला. “बोलावीन कशाला? घड अजून आंबटढाण हायेत.”

कुसाबाई सगळ्यात आधी हसली.

हसणं ओसरल्यावर भिकाभाऊंनी मिशीवरून हात फिरवला. “एक सांगू का, तेजस्विनीताई? मागल्या बुधवारी माझा फोन नाशकात पाव्हण्यांकडं राहिला होता. तरी कारभारीनं माझ्या नावापुढं ‘मिळाला’ सांगितलं. आमच्या मंडळींनीच परस्पर कळवलं होतं. त्या दिवशी मी ठरवलं होतं, हे काम द्यायचं नाय.” चांगुणाबाई छताकडे बघू लागल्या. “आज तुमच्या घरचंच माणूस ‘वाचता येत नाय’ म्हणालं. आता देतो. पण जुनं मशीन मोडायचं नाय. हा हंगाम दोन्ही शेजारी शेजारी चालवा. रोज ताडून बघा. अन् मिळाला-नाय मिळाला याचा शेवटचा शब्द मावशींचा.”

“पगार काय?” चांगुणाबाईंनी विचारलं.

“आत्याबाई!”

“विचारलं नुसतं. विचारायला काय जातंय.”

घरी जाताना किशोर पुढे, सासू-सून मागे, बागेच्या कडेकडेनं. पेपर लावलेले घड वाऱ्यानं कुजबुजत होते.

“पुण्याला काय कळवणार?” चांगुणाबाईंनी पायाखाली बघत विचारलं.

“नाही येत म्हणून.”

“अस्सं.” पदर सारखा करत त्या म्हणाल्या, “मग साखर आणायला सांग तुझ्या नवऱ्याला. संपत आलीय.”

किशोरनं पुढून, मागे न बघता, “आणतो,” म्हटलं. त्याचा आवाज काही नेहमीचा नव्हता.

दिवेलागणीला ताटं मांडली. चांगुणाबाईंनी सुनेच्या भाकरीवर तूप घातलं, ते कडेनं ओघळून ताटात उतरलं. मग रोजच्यासारखं विचारलं, “आमटी कशी झाली?”

“लय भारी,” किशोर म्हणाला.

तेजस्विनीनं घास घेतला, थांबली, सासूकडे बघितलं.

“मीठ कमी आहे, आत्याबाई.”

किशोरचा हात ताटातच राहिला. चांगुणाबाईंनी सुनेकडे टक लावून बघितलं, मग वाटीतली आमटी बोटावर घेऊन जिभेला लावली. उठल्या, मिठाचा डबा आणला आणि सुनेच्या ताटाशेजारी ठेवला.

“दोन वर्षं कुठं गेली होतीस गं?” त्या म्हणाल्या. “खा आता. अन् उद्यापासून रोज सांगायचं.”